तुम्ही विचारलंत म्हणून : देवाची पेटी आणि सरकारचा हात

‘राज्य धर्मनिरपेक्ष, मग दानपेटीत हात फक्त आमच्याच देवळांच्या का?’ न्यासांची, म्हणजे ट्रस्टची, कागदपत्रं हाताळणाऱ्याला हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकावं लागतं. विचारणाऱ्याला उत्तर पुढचं वाढप येईपर्यंत हवं असतं. ते तेवढ्यात होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी ‘फक्त आमच्याच’. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातली व्याख्या काढून वाचा. मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, सगळे एकाच वाक्यात आहेत. या कायद्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा जो निकाल आहे, त्यात दाद मागणारे कोण होते? एक जैन देवस्थानाचे व्यवस्थापक आणि दुसरे पारशी पंचायतीचे विश्वस्त. न्यायालयाने नोंदणी आणि हिशेबतपासणी कायम ठेवली. मात्र धर्मसंस्थेवर धर्मादाय आयुक्त या सरकारी अधिकाऱ्यालाच विश्वस्त म्हणून बसवणं आणि देवाचा पैसा भलत्या कामाकडे वळवणं, या तरतुदींना कात्री लावली. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वक्फसाठी १९९५ चा वेगळा कायदा आहे. पण तिथेही मंडळ सरकारच स्थापन करतं, मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारच नेमतं, आणि उत्पन्नातून वर्गणी कापली जाते. ती ७ टक्क्यांपर्यंत होती, २०२५ च्या दुरुस्तीने ५ वर आली. शिवाय प्रत्येक मुस्लिम न्यास वक्फ नसतो, हे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात ठरलं.

आता ‘हात घालणं’. गावच्या मारुतीच्या न्यासाला सरकार काय विचारतं? विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत १९५० च्या कायद्यातल्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट. साल संपलं की ऑडिट. जमीन विकायची, किंवा शेतजमीन १० वर्षांहून आणि इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर कलम ३६ ची आगाऊ परवानगी. नैवेद्य काय दाखवावा, याचा रकाना त्यात नसतो.

घोळ होतो तो घरच्या घरी. अध्यक्ष वारतात, मुलगा कारभार बघू लागतो, चेंज रिपोर्ट कोणी भरत नाही. वीस वर्षांनी दोन गट भांडायला उभे राहतात तेव्हा परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या नोंदणी उताऱ्यावर, सगळी नावं मयतांची. मग मधला एकेक रिपोर्ट विलंबमाफीच्या अर्जासकट क्रमाने मंजूर करून घ्यायचा. एक अडला की मागचे रांगेत. जमिनीचं याहून वाईट. देव कायद्याच्या लेखी कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, म्हणून सातबाऱ्यावर त्याच्या वतीने कारभार बघणारा कोणीतरी वहिवाटदार लागतो. दोन पिढ्यांत ‘वहिवाटदार’ हा शब्द गळतो आणि पुजाऱ्याचं नाव मालक म्हणून उरतं. मालकाच्या रकान्यात देवाचंच नाव हवं, हे २०२१ मध्ये मध्य प्रदेशातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. याला कोणी देवावरचं अतिक्रमण म्हणणार असेल तर माझा नमस्कार.

आणि पंढरपूर, कारण वाद शेवटी तिथेच येतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा दलितांसाठी दार उघडलं. पेटीला कोणी हात लावला नाही. विठ्ठलापुढचं दान बडव्यांचं, रुक्मिणीपुढचं उत्पातांचं, दोघेही वंशपरंपरेचे पुजारी, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे या सात सेवाधाऱ्यांचे हक्क आणखी वेगळे. देवाजवळ बसून दान घ्यायच्या हक्काचा बडव्यांमध्ये लिलाव होई. ज्याने पैसे मोजून पाळी घेतली, त्याला ते त्या पाळीतच वसूल करायचे. मग पायांवर डोकं टेकवलेली बाई त्याला भाविक दिसणार की गिऱ्हाईक? माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. लिलावाचं गणितच तसं होतं. सरकारने नेमलेल्या नाडकर्णी आयोगाचा अहवाल १९७० चा. हे हक्क रद्द करणारा कायदा १९७३ चा. सरकारने नेमलेल्या मंदिर समितीच्या हाती कारभार आला १९८५ मध्ये, तोही अर्धामुर्धा. दाव्यावर दावा, अपिलावर अपील, आणि शेवटचा निकाल १५ जानेवारी २०१४ ला. कायदा होऊन वंशपरंपरेचे हक्क सुटायला एक्केचाळीस वर्षं लागली. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सगळ्या जातींतून, बायकांकडूनही, अर्ज मागवले. हे कोणत्या देवस्थानाने आपणहून केलं असतं?

पूर्वी मी इथे थांबायचो. १९८० चा सिद्धिविनायकाचा कायदा, २००४ चा शिर्डीचा, सगळ्यांना हेच माप लावायचो: सरकार आलं की पावती आली. आता लावत नाही. हिशेब तपासणं एक आणि हिशेब ठेवणारा आपणच नेमणं दुसरं. मी दोन्हींची गल्लत करत होतो, तीच तुम्ही उलट्या बाजूने करता. खास कायद्याच्या देवस्थानात ज्याचं सरकार त्याचे विश्वस्त. शिर्डीचं असं मंडळ सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलं. त्याआधी, २०१८ मध्ये, याच संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी ५०० कोटींचं बिनव्याजी कर्ज मंजूर केलं होतं. पाणी शेतकऱ्याच्याच शेतात जाणार, कबूल. पण पेटीत रुपया टाकणाऱ्याने तो कालव्यासाठी टाकला होता का? १९५४ चा निकाल आठवा.

आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, तेही मला खटकतं. ऑडिटाशी त्याचा काय संबंध? तरी रांगेतलं एखादं वारकरी जोडपं मानाने शेजारी उभं दिसलं की बोलायचं राहून जातं. हे तर्कात बसत नाही, ठाऊक आहे.

‘मग समिती भाविकांनीच निवडावी,’ असं तुम्ही म्हणाल. पारशी पंचायतीत २००८ पासून समाजातले सगळे प्रौढ मत देतात. पंजाबातल्या गुरुद्वारांच्या समितीसाठी १९२५ च्या कायद्याने शीख मतदार निवडणूक करतात. विठ्ठलाच्या मतदारयादीत कोणाचं नाव घालायचं? माळकऱ्याचं, दिंडीत नोंद असलेल्याचं, की कळसाला हात जोडून तिथूनच माघारी फिरणाऱ्याचं?