लाल झाकणाचं जुनं ग्रिल

मे महिन्यात कचऱ्याच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतून फिरून येणं हा माझा छंद आहे. नवऱ्याच्या मते रोग. अमेरिकेत ओहायोच्या कोलंबसमधल्या आमच्या वस्तीत हिवाळा संपला की लोक गराज आवरायला काढतात आणि नको ते फुटपाथच्या कडेला आणून ठेवतात. यंदा चार घरं पलीकडच्या आजोबांनी गॅस ग्रिल ठेवलं होतं. वर चिकटपट्टीने कागद लावलेला : 'फुकट. तापत नाही.' झाकण लाल, वेबर कंपनीचं जेनेसिस मॉडेल, १९९० च्या दशकातलं. दोघांनी मिळून ते ढकलत घरी आणलं. एक चाक फिरत नव्हतं, त्यामुळे सगळ्या गल्लीला कळलं.

वेबरची गोष्ट इथल्या लोकांना पाठ असते. शिकागोच्या एका पत्र्याच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या बोयांचे गोळे बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली तसाच गोळा मधोमध कापून झाकणाची कोळशाची शेगडी केली. गॅसवरचं जेनेसिस आलं १९८५ मध्ये. त्या जुन्या पिढीच्या ग्रिलचं मला आवडतं ते हे की खालची पेटी ओतीव अॅल्युमिनियमची आहे, म्हणजे गंजायचा प्रश्नच नाही, आणि झाकणावर आपल्या जुन्या चहाच्या मगांवर असायचा तसा काचेचा मुलामा आहे. हल्ली दुकानात स्वस्तात मिळणारी ग्रिलं मी हात लावून बघते, झाकण टिचकीने वाजतं. चांगलं नवं घ्यायचं तर हजार डॉलरच्या घरात जातं.

झाकण उघडलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, याचा तर आतला रंग सुटलाय, खाण्यात जाईल." झाकणाच्या आतून काळे, चकचकीत पोपडे लोंबत होते. बहुतेक ग्रिलं याच कारणाने कचऱ्यात जातात, म्हणून इथे जरा थांबते. झाकणाला आतून रंग नसतोच. वर्षानुवर्षं चरबीचा धूर तिथे बसतो, भाजून कोळसा होतो आणि थर जाड झाला की पापुद्रे सुटतात. प्लॅस्टिकची पुट्टीची पट्टी फिरवली की झरझर खाली येतात, खाली लख्ख मुलामा. मी तर पुढे भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी, एवढ्यावरच भागवलं. ओव्हन साफ करायचा फवारा मारू नका. त्यात कॉस्टिक सोडा असतो आणि तो अॅल्युमिनियम खातो. पेटी काळी पडेल, वर खड्डे पडतील.

माझे वडील भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. यंत्र खोलताना जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडायचं, ही त्यांची शिस्त. आमच्याकडे वर्तमानपत्र येत नाही, पण खोक्यांना तोटा नाही. पुठ्ठा पसरला, स्क्रू त्यातच टोचून ठेवले, बाजूला पेनने लिहिलं. गंजलेल्या बोल्टांना रात्री तेलाचा फवारा मारून झोपायचं आणि सकाळी पाना लावायचा. घाई केली की बोल्टचं डोकं तुटून हातात येतं, मग ड्रिल मशीन काढा. चरबी गोळा होणाऱ्या तळाच्या थाळीबद्दल जास्त लिहीत नाही. तिथे बोटभर जाडीचा काळा डांबरासारखा थर होता आणि त्यात एक चमचा सापडला.

खरी गंमत बर्नरमध्ये. या मॉडेलला तीन बर्नर, डावीकडून उजवीकडे आडवे, एकामागे एक. बटणं उजवीकडे. गॅस बारीक छिद्राच्या पितळी तोटीतून जोरात सुटतो, बर्नरच्या तोंडाशी बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो आणि हवा-गॅस मिसळून पुढे नळीभर जातो. दोन बर्नरच्या त्या तोंडाशी पांढऱ्या रेशमी गाठी होत्या. कोळ्याची घरं! इथे पिवळट रंगाचा एक छोटा कोळी असतो, त्याला अशा नळ्यांचं भारी वेड. २०११ साली माझ्दा कंपनीने आपल्या 'माझ्दा सिक्स' मोटारी परत बोलावल्या त्या याच जातीच्या कोळ्यापायी. पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत तो जाळं विणत होता. ग्रिलच्या नळीत जाळं आलं की हवा कमी पडते, ज्योत निळी राहत नाही, पिवळी आणि आळशी होते, काजळी धरते. फार बुजलं तर गॅस उलटा फिरून बटणांच्या मागे पेटतो, ते मात्र धोक्याचं. म्हणून ग्रिल हिवाळाभर पडून असेल तर पहिल्या दिवशी आधी नळ्यांत बाटली घासायचा लांब ब्रश फिरवा, मांस मॅरिनेट करायचं ते नंतर.

बर्नरची भोकं घासताना ब्रश नळीच्या लांबीने चालवू नये, आडवा चालवावा, नाहीतर एका भोकातली घाण पुढच्या भोकात कोंबली जाते. अर्थात माझ्या बाबतीत घासून उपयोग नव्हता. गंजाने शेजारशेजारची भोकं मिळून एक चीरच झाली होती. बर्नर नवे मागवले. ऑनलाइन मापाचे मिळतात, फक्त लांबी आणि मॉडेल नीट बघा.

काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावर आमच्या घरात बरीच वादावादी झाली. नवऱ्याचं म्हणणं, सगळंच नवं घालायचं तर मग नवंच ग्रिल घ्या. माझा हिशेब सोपा होता : जिथून गॅस वाहतो ते नवं, जिथे नुसती आच लागते ते घासून. त्यामुळे बर्नर, रबरी नळी आणि रेग्युलेटर नवे आले. नळी वाकवली तर बारीक भेगा दिसत होत्या. भारतात आपण केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतो, मग इथे तीस वर्षांची नळी का चालवून घ्यायची? व्हॉल्व्ह पितळी, त्यांना गंज नाही, ते साबणाच्या परीक्षेत उतरले म्हणून राहिले. बर्नरवरचे उलट्या व्हीच्या आकाराचे पत्रे, ज्यांवर चरबी पडून धूर होतो, ते मात्र चाळणी झाले होते. पदार्थ भाजायच्या जाळ्यांचा मुलामा टवके उडून पडत होता आणि तो खरोखर खाण्यात गेला असता, तेव्हा त्या दोन गोष्टींपुरता माझा नियम मोडला. जाळी घासायला तारेचा ब्रश मी घरात येऊ देत नाही. त्याची तार तुटून जाळीला चिकटते, तिथून कणसाला, आणि पोटात गेली तर शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. लाकडी खरवडणी पुरते.

साबणाची परीक्षा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, सिलिंडर बदलायला आलेला माणूस करून दाखवायचा तीच. बटणं बंद, टाकी उघडी, आणि प्रत्येक जोडावर फेस. बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून बघणारे शूर इथेही आहेत! टाकीतला गॅस आपल्या घरच्यासारखा नाही. भारतातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. इथे प्रोपेनच भरतात, कारण ब्युटेन शून्य अंश सेल्सियसच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत दम धरतो. ओहायोच्या जानेवारीत तोच हवा. टाकी २० पाउंडांची म्हणतात, म्हणजे साधारण नऊ किलो, पण रिकामी देऊन भरलेली घ्यायच्या अदलाबदलीच्या टाक्यांत बहुधा पंधराच पाउंड भरलेले असतात. स्वतःची टाकी वजनाने भरून आणणं परवडतं. टाकी घरात किंवा गराजमध्ये ठेवायची नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो.

आता 'तापत नाही'चा उलगडा. कोळी होतेच, पण मला वाटतं मोठा दोष आजोबांच्या सवयीचा होता. टाकीला जोडतो त्या काळ्या प्लॅस्टिकच्या नटात एक सुरक्षा झडप असते. गॅस एकदम जोरात धावला तर तिला वाटतं नळी तुटली, आणि ती प्रवाह आवळून अगदी धारेपुरता ठेवते. बटण आधीच उघडं ठेवून टाकी फिरवली की हेच होतं. ग्रिल पेटतं, ज्योतही दिसते, पण काटा अडीचशे फॅरनहाइटच्या वर सरकत नाही. उपाय फुकटचा : सगळं बंद करा, नट सोडवा, झाकण उघडं ठेवून काही मिनिटं थांबा, बटणं बंदच ठेवून पुन्हा जोडा, टाकी हळूहळू उघडा, आणि मग पेटवा. आजोबांना मी हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गराजमधलं नवं कोरं ग्रिल दाखवलं. तेही तापत नाही म्हणाले.

पहिल्यांदा रिकामंच झाकण लावून तापवलं, साबणाचा आणि तेलाचा वास जाईस्तोवर. मग वांगी. मी खानदेशातली, माझ्याकडून दुसरी अपेक्षा करू नये. आमच्याकडे जळगावची हिरवी-पांढरट, मोठी, कमी बियांची वांगी, ज्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर भाजायची. इथलं जांभळं, ढोल वांगं पाणचट असतं. सुरीने टोचे मारले, तेलाचा हात फिरवला, तिन्ही बर्नर मोठे करून झाकण लावलं, मधून मधून उलटलं. साल पार करपून वांगं बसकं झालं की उतरवायचं आणि चाळणीत पाणी निथळू द्यायचं, ते विसरलं तर भरिताचं पिठलं होतं. बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी पात्र, मी गेल्या खेपेला बॅगेतून आणली होती, तिच्यातच ठेचलं. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी.

पऱ्हाट्यांचा धूर मात्र नाही. सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे फॉइलच्या पुडीत घालून पत्र्यांवर ठेवून बघितले. वास छान येतो, पण तो गोडसर, बार्बेक्यूच्या दुकानाचा वास आहे. नवऱ्याला तोच आवडला. कापूस ओहायोत पिकत नाही. टेनेसीत पिकतो, आणि तिथे आमची एक मैत्रीण राहते. नोव्हेंबरात तिच्याकडे जायचा बेत आहे. शेतकऱ्याला विचारून गाडीच्या डिकीत मावतील एवढ्या काड्या मिळाल्या तर बघू. तोवर दोन कामं बाकी आहेत : बाजूच्या फळ्या देवदाराच्या घालायच्या आहेत, आणि झाकणावरचं थर्मामीटर पन्नास अंश कमी दाखवतं, ते बदलायचंय.