जीपीटी वाचताना कर्नेलने काय करू नये

नागपूर, रविवार

मे महिन्याच्या उन्हात धरमपेठेतून बाहेर पडणे नकोसे होते, त्यामुळे आज दिवसभर कूलरसमोर बसून, आम्ही मित्र हौसेने लिहीत असलेल्या कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, जीपीटी वाचणारा भाग लिहिला. जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशन) कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याची डिस्कवरच लिहिलेली यादी. आतापर्यंत आमच्या कर्नेलला केवळ एमबीआर, म्हणजे १९८३ पासून चालत आलेली अशा यादीची जुनी पद्धत, कळत होती. त्यात मुख्य नोंदी चारच मावतात, आणि सेक्टरसंख्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) ३२ बिटांत लिहिली जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्कवर कोणतेही पार्टिशन सुमारे २.२ टेराबाइटपेक्षा मोठे होऊ शकत नाही. जीपीटीत हे आकडे ६४ बिटांचे आहेत.

वाचन तसे सरळ आहे. सेक्टर शून्यावर जुन्या प्रकारची एक संरक्षक नोंद असते, जेणेकरून जीपीटी न समजणाऱ्या प्रोग्रामला डिस्क रिकामी वाटू नये. सेक्टर एकवर ‘ईएफआय पार्ट’ या अक्षरांनी सुरू होणारा हेडर (यादीची माहिती देणारा मथळा), आणि त्यापाठोपाठ सहसा १२८ बाइटच्या १२८ नोंदी. हेडरचा आणि नोंदींचा सीआरसी-३२ (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगवेगळा तपासावा लागतो, आणि हेडरचा काढताना त्यातलाच सीआरसीचा रकाना शून्य धरायचा असतो.

मात्र सीआरसी जुळला म्हणजे आकडे खरे, असे मी मानत नाही. तो अपघाताने झालेली मोडतोड पकडतो. कुणी मुद्दाम वेडेवाकडे आकडे लिहून सीआरसीही नव्याने काढला, तर तो बिनतक्रार जुळतो. म्हणून नोंदींची संख्या आणि आकार यांचा गुणाकार मर्यादेत आहे का, प्रत्येक पार्टिशन वापरण्याजोग्या हद्दीतच सुरू होऊन संपते का, हे मेमरी मागण्याआधी आणि पार्टिशन जाहीर करण्याआधी तपासलेच पाहिजे.

संध्याकाळी मित्राशी बराच वाद झाला. डिस्कच्या शेवटच्या सेक्टरवर हेडरची दुसरी प्रत असते; पहिली बिघडलेली आढळल्यास कर्नेलने दुसरीवरून ती तिथल्या तिथे दुरुस्त करावी, असे त्याचे म्हणणे होते. मला ते अजिबात पटले नाही. बिघडलेली डिस्क जोडणारा माणूस कदाचित तिच्यातला डेटा परत मिळवण्याच्या धडपडीत असेल, आणि अशा वेळी त्याने न सांगता डिस्कवर एक बाइटही लिहिण्याचा अधिकार कर्नेलला नाही. कर्नेलने दुसऱ्या प्रतीवरून वाचावे, लॉगमध्ये स्पष्ट इशारा द्यावा आणि दुरुस्तीचा निर्णय मालकावर सोडावा. अखेर तसेच ठरले.

४०९६ बाइटच्या सेक्टरांची डिस्क अजून राहिली आहे. तिच्यावर हेडर ५१२व्या नव्हे, ४०९६व्या बाइटपासून सुरू होतो, म्हणून सेक्टरचा आकार गृहीत न धरता ड्रायव्हरकडूनच विचारून घ्यायचा आहे.