निवेदनाखालचं संगीत: हलगी कुठे, बासरी कुठे

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्तीच्या चित्रफितीला हलगी हवीच, पण निवेदन सुरू झालं की तीच आड येते. तिचा कडकडाट २ ते ४ किलोहर्ट्झ कंपनसंख्येच्या पट्ट्यात भरपूर असतो, आणि शब्दांची स्पष्टताही तिथेच असते. नुसता आवाज कमी केला तर हलगीचा जीवच जातो. त्याऐवजी इक्वलायझरवर (आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करणाऱ्या साधनावर) ३ किलोहर्ट्झपाशी ४-५ डेसिबल कापा, मग संगीत निवेदनापेक्षा १८ ते २० डेसिबल खाली ठेवा. निवेदक थांबला की अर्ध्या सेकंदात वर आणा. त्याहून झटपट आणलं तर धाप लागल्यासारखं वाटतं.

रंकाळा तलावावरच्या संध्याकाळच्या चित्रफितीला तानपुरा आणि बासरी पुरे. मात्र तानपुऱ्याचा खर्ज मोबाइलवर ऐकूच येत नाही, म्हणून मिश्रण एकदा फोनवर तपासाच.

लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, मात्रेवरच कापा. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत चार मात्रांची आठ आवर्तनं २१.३३ सेकंदांची होतात. जोडावर 'टक्' वाजलं तर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक टोक विरताना दुसरं चढू द्या. शेवटच्या सुराचा रेंगाळणारा घुमारा जोडावर मध्येच तुटत असेल तर तुकडा दोनदा वाजवून दुसरी फेरी कापून घ्या. मिसळीच्या चित्रफितीला कशाला संगीत? कटाची उकळी ऐकू द्या की!