फ्लॅशचा व्हिडिओ फुलस्क्रीन होईना, तर आधी काय बघायचं

अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरला, म्हणजे ब्राउझरात व्हिडिओ चालवणाऱ्या आपल्या जुन्या प्लग-इनला, रामराम ठोकला आणि १२ जानेवारी २०२१ पासून शेवटच्या आवृत्त्यांनी मजकूर दाखवायचंही थांबवलं. तरी जुन्या विंडोज ७ च्या यंत्रांवर, एखाद्या कचेरीच्या अंतर्गत प्रशिक्षणाच्या पानांवर तो अजून तग धरून आहे. (असं यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसावं, हे आधीच सांगितलेलं बरं.) तक्रार बहुधा एकच असते: छोट्या चौकटीत व्हिडिओ झकास चालतो, फुलस्क्रीन केला की बोंब.

पण या एका तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. बटण दाबून काहीच होत नसेल, तर परवानगीचा घोळ. पडदा भरला, आवाज चालू आहे पण चित्र काळं, तर ग्राफिक्स ड्रायव्हर. चित्र येतं पण अडखळत, तर प्रोसेसर दमतोय. सरसकट सगळ्यांना एकच औषध दिलं जातं: हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनची (चित्राचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवण्याची) खूण काढून टाका. पहिल्या आजारात त्याचा काडीचा उपयोग नाही आणि तिसऱ्यात ते चक्क अंगावर येतं.

परवानगीपासून सुरुवात करू. फुलस्क्रीनची सोय २००६ मध्ये ९ व्या आवृत्तीत आली, पण मुळात ती बंद असते. पानाच्या कोडमध्ये ‘अलाउ-फुलस्क्रीन’ला ‘ट्रू’ दिल्याशिवाय बटण नुसतं शोभेचं. इथली नेहमीची चूक अशी की जुन्या पानांत प्लेअर दोनदा लिहिलेला असतो, बाहेर ‘ऑब्जेक्ट’ आणि त्याच्या पोटात ‘एम्बेड’. इंटरनेट एक्सप्लोरर बाहेरचं वाचतो, फायरफॉक्स आतलं. परवानगी एकाच ठिकाणी लिहिली, की एका ब्राउझरात चालतं आणि दुसऱ्यात नाही, मग लोक ब्राउझरच पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. शिवाय फुलस्क्रीनची मागणी माउसच्या क्लिकमधून किंवा कळ दाबण्यातूनच यावी लागते. पान उघडताच आपोआप पडदा भरायला गेलात, तर प्लेअर सुरक्षेचं कारण देऊन नकार देतो.

कोड ठीक आहे आणि तरी त्या यंत्रावर कुठलाच व्हिडिओ फुलस्क्रीन होत नाही? मग ‘एमएमएस डॉट सीएफजी’ ही प्लेअरच्या सेटिंग्जची फाइल बघा. तिच्यात ‘फुलस्क्रीन-डिसेबल’ला १ दिलेला असेल, तर अ‍ॅडमिनने सगळ्यांसाठीच दार लावलंय. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ब्राउझरची फाइल ‘सिसवॉव६४’मध्ये असते आणि ६४-बिटची ‘सिस्टम३२’मध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच. दोन्हीकडे आत ‘मॅक्रोमेड’ आणि त्यात ‘फ्लॅश’ हा फोल्डर. नोटपॅडने सेव्ह करताना शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटत नाही ना, तेही बघा.

काळ्या पडद्यासाठी मात्र ती प्रसिद्ध खूण काढायची. व्हिडिओवर राइट क्लिक, सेटिंग्ज, पहिला टॅब. सेटिंग्ज फिकट दिसत असेल, तर प्लेअरची चौकट लहान आहे. त्या खिडकीला निदान २१५ बाय १३८ पिक्सेल जागा लागते. दुसऱ्या एखाद्या पानावरच्या मोठ्या चौकटीतून बदल करा, तो सगळ्या पानांना लागू होतो. मग ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. ब्राउझरचं स्वतःचं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन वेगळं असतं. दोन्ही एकदम बंद केलीत, तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

अडखळण्यामागे साधं गणित आहे. ६४० बाय ३६० च्या चौकटीत २,३०,४०० पिक्सेल रंगवायचे असतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर बरोबर नऊपट. ग्राफिक्स कार्ड मदतीला नसेल, तर हे सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. टास्क मॅनेजर उघडून बघा. दोन कोअरच्या यंत्रावर प्लग-इन ५० टक्क्यांशी अडकलेला दिसला, तर त्याने एक अख्खा कोअर खाल्लाय असं समजा. इथे खूण काढायची नाही, घालायची. पान तुमचंच असेल, तर कोडमधल्या ‘डब्ल्यूमोड’ला (प्लेअर पानावर कसा रंगवायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगला) ‘ट्रान्सपरंट’ऐवजी ‘डायरेक्ट’ द्या. २०११ मध्ये १०.२ आवृत्तीबरोबर आलेला ‘स्टेज व्हिडिओ’, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून व्हिडिओ दाखवायची सोय, त्यावरच चालतो.

लिनक्सची कथा निराळी. तिथे प्लेअर ड्रायव्हर तपासतो आणि ओळखीचा नसला की मुकाट्याने प्रोसेसरवर येतो. ‘ईटीसी’मधल्या ‘अडोबी’ फोल्डरातल्या त्याच ‘एमएमएस डॉट सीएफजी’मध्ये ‘ओव्हरराइड-जीपीयू-व्हॅलिडेशन’ला ‘ट्रू’ दिलं की तपासणी टळते. ब्राउझर कोसळायला लागला, तर ती ओळ काढून टाका. ११.२ वर माणसांचे चेहरे निळे दिसले, तर मॉनिटरला दोष देऊ नका. हार्डवेअर डिकोडिंगमध्ये (ग्राफिक्स कार्डाने व्हिडिओ उलगडताना) लाल आणि निळा रंग अदलाबदल होतात. ते बंद केलं की माणसं माणसांत येतात.

दुसऱ्या मॉनिटरवर क्लिक करताच फुलस्क्रीन मोडत असेल, तर आवृत्ती १०.२ च्या आधीची आहे. फुलस्क्रीनमध्ये टाइप होत नसेल, तर तो बिघाड नव्हे. पूर्ण कीबोर्ड ११.३ पासून मिळाला, तोही वेगळी परवानगी घेऊन.

ज्यांनी फ्लॅश काढून एचटीएमएल५ चा प्लेअर बसवला, त्यांचं बटण पुन्हा मुकं होतं ते आयफ्रेममुळे, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटीमुळे. फ्लॅशला आयफ्रेमच्या परवानगीशी देणंघेणं नव्हतं, इथे आहे. आयफ्रेमच्या आत आयफ्रेम असेल, तर प्रत्येक पातळीवर ‘अलाउ-फुलस्क्रीन’ हवं; मधली एक राहिली तरी नकार. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-के दाबून कन्सोल (ब्राउझरचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडा आणि बटण दाबा. नकाराचं कारण तिथे एका ओळीत छापून येतं.