स्पेच्या काठावर वारा फिरला तेव्हा

स्कॉटलंडमधील ग्रँटाउन-ऑन-स्पे या गावाजवळ स्पे नदीच्या एका डोहात मी मांडीपर्यंतच्या पाण्यात उभा होतो. शनिवारची दुपार होती. पिसांची माशी बांधलेला गळ माझ्या डाव्या कानाजवळून सणसणत आला आणि टोपीच्या कडेत रुतला. बोटभर खाली आला असता तर कान फाटला असता. मी तीच फेक करत होतो, जी सकाळी तीन तास व्यवस्थित जमली होती. माझ्यात काहीच बदलले नव्हते. बदलला होता तो वारा, आणि माझे तिकडे लक्ष नव्हते.

ज्या फेकीला या नदीचे नाव मिळाले आहे, ती या नदीवरच शिकावी, एवढ्याचसाठी मी मे महिन्यात तिथे गेलो होतो. काठावर उभे राहिले की तिची गरज डोळ्यांनी दिसते. नेहमीच्या फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे पिसांची माशी बांधून करायच्या मासेमारीत, दोर आधी पाठीमागे सरळ उलगडावा लागतो आणि मग पुढे जातो, म्हणजे जितके अंतर पुढे गाठायचे जवळजवळ तितकीच मोकळी जागा मागे हवी. स्पेच्या काठी अनेक ठिकाणी चढ आणि बर्च, आल्डरची झाडे थेट पाठीला येऊन भिडतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या मासेमारांनी ग्रीनहार्ट लाकडाचे अठरा फूट आणि त्याहूनही लांब, दोन हातांनी धरायचे रॉड वापरत, दोर मागे पूर्ण न उलगडता नदीपार पाठवण्याची रीत घडवली. आज रॉड कार्बन फायबरचे असतात. माझा चौदा फुटांचा होता.

एडिनबरोहून एव्हीमोरपर्यंतची रेल्वे आणि पुढची बस यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. एक तक्रार मात्र मनातून जात नाही. आदल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मी एक दिवसाचा वर्ग केला होता. तिथे दिवसभर फक्त ‘जोर लावा’ एवढेच ऐकायला मिळाले आणि वाऱ्याविषयी एक शब्दही कोणी सांगितला नाही. ज्या खेळात टोकदार गळ माणसाच्या डोक्याभोवती फिरतो, तिथे हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

माझ्याबरोबर असलेल्या गिलीने, म्हणजे नदीवरच्या वाटाड्याने, टोपीतला गळ काढून दिला आणि मला काठावर बसवून सगळे पुन्हा समजावले. स्पे फेकीत दोराचे टोक क्षणभर पाण्यावर टेकलेले राहते; त्याला अँकर, म्हणजे नांगर, म्हणतात, आणि हा नांगर खरोखरच नांगराचे काम करतो. त्याच्या आधारावर उरलेला दोर रॉडमागे रोमन डी अक्षराच्या पोटासारखा फुगतो, रॉड वाकतो आणि त्या ताणावर दोर पुढे सुटतो. हा नांगर नेहमी वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला पडला पाहिजे, म्हणजे वारा गळाला माणसापासून दूर नेतो. प्रवाह माझ्या डावीकडून उजवीकडे वाहत होता. सकाळी वारा प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेला वाहत असल्यामुळे वरच्या अंगाला नांगर टाकणारी सिंगल स्पे ही फेक योग्य होती. दुपारी वारा नैर्ऋत्येकडून, प्रवाहाबरोबर खाली वाहू लागला आणि तीच फेक गळाला थेट माझ्याकडे आणू लागली. स्पेचे खोरे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे उतरते आणि स्कॉटलंडमधला नेहमीचा वाराही नैर्ऋत्येचाच, हे लक्षात घेतले तर माझी चूक आणखी अक्षम्य ठरते.

अशा वाऱ्यासाठी डबल स्पे असते. खालच्या अंगाला लोंबणारा दोर सावकाश उचलून रॉड अंगासमोरून वरच्या दिशेला न्यायचा, पण दोराचे टोक खालीच राहू द्यायचे; मग रॉड परत खालच्या दिशेने ओढत दोर पाण्यावरून सोलल्यासारखा उचलायचा, मागे वळवायचा आणि पुढे सोडायचा. त्या सोलण्यात पाण्याचे पांढरे तुषार उडतात आणि कापड फाटल्यासारखा आवाज होतो. माझा दोर वारंवार पाण्यात आडवा पडत होता, कारण मी वरच्या हाताने ढकलत होतो. गिली म्हणाला, “खालचा हात पोटाकडे ओढा. वरचा हात फक्त दिशा दाखवतो.”

हे ऐकताच मला कोकणातल्या भाट्याच्या खाडीवर पाग टाकणारे माझे मामा आठवले. जाळे खांद्यावर आणि कोपरावर घेऊन ते आधी कमरेतून वळायचे, आणि मग पाग गोल उघडत पाण्यावर पडायचा. “हातानं फेकू नको, अंगानं फेक,” हे त्यांचे वाक्य मी दहाव्या वर्षी ऐकले होते. त्यानंतरच्या फेकीत मी कमरेतून वळलो, दोर पाण्याला धरू दिला, आणि तो पहिल्यांदाच जवळजवळ आवाज न करता डोहाच्या पलीकडच्या फेसापर्यंत सरळ उलगडला. मी ओरडलो नाही. मला रडू आले.

संध्याकाळपर्यंत फेकायचे, माशीला प्रवाहातून कमानीसारखे वळू द्यायचे, एक पाऊल खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे, एवढेच चालले. सॅमन मासा मिळाला नाही. समुद्रातून नदीत परतलेला प्रौढ सॅमन अन्न खात नाही, त्यामुळे तो माशीवर का झेपावतो हेच कोडे आहे; शिवाय 2023 मध्ये ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मिळाला असता तरी मी तो पाण्यातच सोडला असता.

रविवारी स्कॉटलंडमध्ये सॅमनची मासेमारी कायद्याने बंद असते. निवासस्थानामागच्या हिरवळीवर सराव करून पाहिला, पण गवत दोराला पाण्यासारखे धरत नाही आणि नांगर प्रत्येक वेळी निसटला. शेवटी अठराव्या शतकातल्या जुन्या दगडी पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली काळसर, चहाच्या रंगाचे पाणी वाहत होते, वारा अजूनही प्रवाहाबरोबरच होता, आणि माझा खालचा हात नकळत पोटाकडे जात होता.