जिवाणूंविना आलेल्या गाठी

प्लेट उजेडाकडे धरली आणि पोटात गोळाच आला. मुळांवर गाठी होत्या. पांढऱ्या, गोल, मोहरीएवढ्या. रोपं सहा आठवडे निर्जंतुक आगरवर बंद होती, आगरात नत्र नव्हतं, आणि गाठींच्या जिवाणूंची, म्हणजे रायझोबियमची, नळी मी त्या खोलीत कधी उघडलीच नव्हती. मनात एकच शब्द आला: कंटॅमिनेशन. म्हणजे सगळं काम पुन्हा पहिल्यापासून.

खरं तर ही रोपं लोटस जापोनिकसच्या ‘स्नफ-वन’ या उत्परिवर्तित वाणाची होती. लोटस म्हणजे कमळ नव्हे, शेंगवर्गातली एक छोटी रानटी वनस्पती. या वाणाला जिवाणूंशिवाय गाठी येतात हे 2006 सालीच प्रसिद्ध झालं होतं. मी ते वाचलं होतं, सेमिनारमध्ये सांगितलंही होतं. पण गाठ डोळ्यांसमोर आली तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. शाळेत घोकलेलं वाक्यच वर आलं: जिवाणू मुळांवर गाठी तयार करतात.

मग शेजारच्या मुळांकडे नजर गेली. त्याच प्लेटमध्ये साध्या गिफू वाणाची रोपंही वाढत होती. त्यांच्यावर एकही गाठ नव्हती. जिवाणू शिरले असते तर त्यांनी गिफूला सोडलं असतं का?

गाठ ब्लेडनं उभी कापली. लातूरकडच्या आमच्या शेतात बाबा हरभरा उपटून गाठ नखानं फोडायचे. आत लाल दिसली की म्हणायचे, “काम करतेय, बेवड चांगला होणार.” तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन. माझ्या गाठीत लालीचा मागमूस नव्हता. पण रचना पाहिली तर पुरती गाठच होती, कडेनं वाहिन्यासुद्धा.

तरी खात्री हवी होती. काही गाठी वरून निर्जंतुक केल्या, चेचल्या आणि हे जिवाणू वाढतात त्या यीस्ट-मॅनिटॉल आगरवर पसरल्या. तुलनेसाठी दुसऱ्या खोलीतल्या, जिवाणू दिलेल्या रोपाची गुलाबी गाठही तशीच चेचून वेगळ्या प्लेटवर पसरली. पाचव्या दिवशी गुलाबी गाठीची प्लेट वसाहतींनी भरली होती. माझी कोरी होती.

एरवी हा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतं, जिवाणू नॉड फॅक्टर नावाचा रेणू पाठवतात, आणि तो मुळाच्या पेशींवरचे एनएफआर-वन आणि एनएफआर-फाइव्ह ही ग्राही प्रथिनं (रिसेप्टर) ओळखतात. मग केंद्रकात कॅल्शियमची पातळी ठेक्यात वरखाली होऊ लागते. तो ठेका वाचणारं प्रथिन सीसीएएमके. ते सायक्लॉप्स या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं, सायक्लॉप्स निन या जनुकाला, आणि पेशी विभागू लागतात. स्नफ-वनमध्ये सीसीएएमकेच्या 265 व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्यूसिन आहे, बस्स. एवढ्यानं ते प्रथिन ठेक्याची वाट न पाहता कामाला लागतं.

म्हणजे गाठीचा सगळा आराखडा झाडाकडे आहे. जिवाणू आल्याची वर्दी देतात, बांधणारं झाडच. हे शाळेत कुणी सांगत नाही आणि सांगायला हवं असं मला कळकळीनं वाटतं.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, “म्हंजे आता पेरताना जिवाणूखत लावायची गरज नाही?”

“आहे, बाबा. गाठी रिकाम्या आहेत. नत्र नाही, पानं पिवळी पडलीत.”

“मंग त्यांना जिवाणू देऊन बघ की.”

पुढच्या आठवड्यात उरलेली स्नफ-वनची रोपं वेगळ्या कुंड्यांमध्ये लावली आणि मुळांशी लोटसचे जिवाणू, मेसोरायझोबियम लोटी, सोडले. महिनाभरानं एक रोप उपटलं, नवी गाठ नखानंच फोडली. आत गुलाबी होती. पानंही हिरवी झाली होती. फोटो काढून बाबांना पाठवला.