पुडी हलेना, आकडेच नाचले

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. यंदा मी मात्र दांडिया बाजारातल्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते. बाबा तबला शिकवतात. थाप पडल्यावर पुडी, म्हणजे तबल्यावरचं ताणलेलं कातडं, कशी हलते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करून दाखवायचं मी कबूल करून बसले होते.

गोल पुडीसाठी आधी चौकोनी जाळी घेतली, तर कड उंदरानं कुरतडल्यासारखी. मग त्रिज्या आणि कोन यांची जाळी करून त्यावरून एक्स-वाय काढले. उंचीला बेसल फलन, म्हणजे गोल पडद्यावरच्या लाटेचं गणिती सूत्र. ते 2.405 ला शून्य होतं, पुडीची कड तिथेच ठेवली, त्यामुळे कड जागची हलत नाही.

चित्र उमटलं, पण ते हलवताना दमछाक झाली. साध्या रेषेचे आकडे जागच्या जागी बदलता येतात. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीत पृष्ठभाग काढणारी आज्ञा आहे प्लॉट_सरफेस; तिला तशी सोय नाही, दर फ्रेमला नवा पृष्ठभाग काढावा लागतो. मी प्रत्येक वेळी सगळे अक्षच पुसत होते. झालं असं, की पुडीची उंची कमी-जास्त दिसेचना, बाजूचे आकडे मात्र नाचायला लागले. अर्धा तास समीकरण तपासलं. ते बिचारं बरोबरच होतं! अक्ष पुसले की उंचीची मर्यादा नव्यानं ठरते, आणि इवलीशी लाटही चौकटभर ताणली जाते. मग फक्त जुना पृष्ठभाग काढून टाकला आणि उंची -1 ते 1 बांधून ठेवली. रंगांचंही तेच दुखणं, त्यांनाही तीच मर्यादा दिली.

ॲनिमेशन एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर पायथन ते टाकून देतो आणि चित्र ढिम्म राहतं. दोन्ही दिशांना जाळीचे 50-50 बिंदू माझ्या जुन्या लॅपटॉपला झेपेनात, ते 30 वर आणले. 60 फ्रेममध्ये नेमकं एक आंदोलन बसवलं, म्हणून जिफ, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारं हलतं चित्र, सांध्यावर अडखळत नाही.

कंपनाच्या दुसऱ्या प्रकारात अर्धी पुडी वर, अर्धी खाली. कंपनसंख्या पहिल्याच्या 1.593 पट. दोन्ही स्वर वाजवून दाखवले. बाबा म्हणाले, "अगं, हा तर डफ झाला. शाई कुठंय?"

खरंच की. सपाट पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतच नाहीत. शाईचं, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल लेपाचं, वजन त्यांना पटीजवळ आणतं. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच हे 'नेचर'मध्ये मांडलं होतं. आता मधल्या भागाला वजन द्यायचंय, आणि तिथे एकटं बेसल फलन पुरत नाही. म्हणजे वासी उत्तरायणही, सणाचा दुसरा दिवसही, घरातच.